एकच कागद, दोनदा

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या लहान कारखान्याने मोठ्या वाहन कंपनीला सुटे भाग पुरवले, की त्याच्या हाती एक बिल उरते. माल गेलेला असतो, पगाराची तारीख जवळ आलेली असते आणि पैसे साठ, नव्वद, कधी एकशेवीस दिवसांनी यायचे असतात. मधल्या काळासाठी हे बिल कोणाकडे तरी देऊन, थोडी वटणावळ सोसून, रक्कम आधी उचलायची सोय जगभर आहे. पैसे देणाऱ्याला मात्र एक धाकधूक कायम असते : हेच बिल याने आणखी कुठे दिलेले नाही ना?

२०१८ साली आपल्या देशातल्या तीन संस्थांनी या धाकधुकीवर ब्लॉकचेनचा उपाय केला. ब्लॉकचेन म्हटले की बहुतेकांना बिटकॉइनच्या भावातले चढउतार आठवतात. मला मात्र त्या तंत्राचा खरा कस बिलांच्या या कामात दिसतो. कारण ज्या दुखण्यावर ते शोधले गेले, ते दुखणे संगणकाहून फार जुने आहे.

सतराव्या शतकात सुरतेला आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात लाहोर, आग्रा, बऱ्हाणपूर अशा गावांवरच्या हुंडणावळीचे दर नोंदवून ठेवले आहेत. म्हणजे तोवर हुंडीचे, दूरच्या पेढीने पैसे द्यावेत म्हणून लिहिलेल्या कागदाचे, जाळे पुरते विणले गेले होते. पुढे पेशवाईत उत्तरेतली खंडणी पुण्यास आली ती बव्हंशी हुंड्यांनी, आणि मोहिमेवरच्या फौजेला पैसा पोहोचला तोही सावकारांच्या पेढ्यांमधून. पानिपतच्या पराभवाची खबर नानासाहेब पेशव्यांना वाटेत मिळाली ती सावकारी पत्रातून, मोती, मोहरा आणि खुर्द्याच्या सांकेतिक भाषेत, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. कासीद धावत होते ते मुळात हुंड्यांसाठी. इतिहास त्यांच्या थैलीतून आनुषंगिकपणे आला.

हुंडीची रचना बारकाईने पाहिली, तर तिच्या प्रत्येक ओळीत फसवणुकीचा एकेक मार्ग बंद केलेला दिसतो. रक्कम एकदा लिहून भागत नसे. हजार रुपयांची हुंडी असेल तर ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ अशा प्रकारे तीच रक्कम फिरवून पुन्हा लिहीत. कोणी एका जागी शून्य वाढवले तर दुसऱ्या जागी ताळा जमणार नाही. शाहजोग हुंडीचे पैसे वाटेल त्या आणणाऱ्याला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या शाहानेच ती पुढे करायची, आणि हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर त्या शाहानेच पैसे परत करायचे. जोखमी हुंडी तर जहाजातल्या मालाशी बांधलेली असे. माल बंदराला सुखरूप लागला तरच पैसे देय, बुडाला तर नाही. विमा आणि उधारी एकाच कागदात. अट पुरी झाली तरच रक्कम सुटावी, असे करार आज संगणकाच्या भाषेत लिहितात आणि ते फार नवे समजले जातात.

आणि हुंडी वाटेत हरवली तर? कासिदाला ठगांनी गाठले, नदीला पूर आला, तर पैसे बुडाले असे कोणी मानत नसे. लिहिणारा सावकार दुसरी प्रत देई, तिला पैठ म्हणत. पैठही गहाळ झाली तर परपैठ. तीही गेली तर पंचांसमोर लिहिलेला मेजरनामा. म्हणजे एकाच रकमेचे चार कागद एका वेळी रस्त्यावर असू शकत होते. धाकधूक इथेच उभी राहते. चौघांनी चार कागद पुढे केले तर पैसे देणाऱ्या पेढीने काय करायचे? उत्तर पैठेच्या मजकुरातच असे : रोजमेळ आणि खाते पाहावे, मूळ हुंडीचे पैसे दिलेले नसतील तरच हे द्यावेत. पैसे दिलेल्या हुंडीला खोखा म्हणत, आणि तो खोखा पेढीवर जपून ठेवला जाई.

हा उपाय इतका साधा का चालला, याचे कारण मला महत्त्वाचे वाटते. हुंडी नेहमी एका विशिष्ट पेढीवर लिहिलेली असे. कागद कितीही हातांतून फिरला, त्याच्या पाठीवर कितीही सह्या झाल्या, तरी पैसे मिळण्याचे दार एकच. त्यामुळे दोनदा पैसे जाऊ नयेत म्हणून फक्त एक वही पाहावी लागे. युरोपातले व्यापारीही समुद्रापार पाठवायच्या हुंड्या प्रथम, द्वितीय, तृतीय अशा तीन प्रतींत काढत. एकीचे पैसे दिले की बाकीच्या रद्द. तिथेही दार एकच होते.

इंग्रजांनी १८८१ साली परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या कागदांविषयीचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले. हुंडीचे नियम बाजारच ठरवत राहिला. मुंबईच्या श्रॉफांनी १९१० साली आपला संघ स्थापन केला. शिकारपुरी मुलतानींच्या हुंड्या मुंबईत विसाव्या शतकातही वटत होत्या. नंतर बँका वाढल्या, काळ्या पैशाचा व्यवहार हुंडीआड होऊ लागला, आणि खातेदेय धनादेशाविना हुंडीवर घेतलेली रक्कम थेट उत्पन्न धरावी असे कलम प्राप्तिकर कायद्यात आले. रिझर्व्ह बँकेने १९५२ मध्ये आणि पुन्हा १९७० मध्ये व्यापारी बिलांचा बाजार उभा करायचा प्रयत्न केला. त्याने मूळ धरले नाही. मोठ्या कंपन्यांना ठरल्या दिवशी पैसे देण्याचे बंधन अंगावर घ्यायचे नव्हते. खात्यावर उधारी लिहून ठेवणे त्यांना सोयीचे होते.

हुंडी गेली आणि तिच्या जागी साधे बिल उरले. हा बदल वरवर दिसतो त्यापेक्षा मोठा होता. हुंडी म्हणजे प्रत्यक्ष हक्क. कागद ज्याच्या हाती, हक्क त्याचा. बिल म्हणजे हक्काचा नुसता पुरावा. त्याच्या हव्या तितक्या प्रती निघतात आणि ते हव्या त्या बँकेत नेता येते. एका वहीवर भागणारे काम आता दहा वह्या पाहिल्याशिवाय होईना, आणि या दहा वह्या एकमेकींना दिसत नव्हत्या.

वह्या एकमेकींना दिसत नाहीत तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने १९९२ मध्ये पाहिले. सरकारी रोख्यांची नोंद तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयात हाताने ठेवली जाई आणि ती मागे पडलेली असे. म्हणून बँका आपसांत एक चिठ्ठी देत : रोखे तुम्हाला विकले आहेत, पैसे मिळाले, रोखे हाती येताच पोहोचवू. हीच बँक रिसीट, बाजाराच्या तोंडी बीआर. चिठ्ठीमागे रोखे आहेत की नाहीत, एकाच रोख्यांवर किती चिठ्ठ्या निघाल्या, हे पाहायला घेणाऱ्याकडे काहीच साधन नव्हते. हर्षद मेहता आणि इतर दलालांनी नेमका हा आंधळा कोपरा वापरला. रोखे नसताना बीआर देणाऱ्या बँकांमध्ये बँक ऑफ कराड होती. सातारा जिल्ह्यातल्या ठेवीदारांच्या विश्वासावर उभी राहिलेली ही लहान बँक मुंबईतल्या शेअर दलालीच्या खेळात ओढली गेली आणि बुडाली. जानकीरामन समितीने एकूण गफल्याचा आकडा सुमारे ४,००० कोटी रुपये काढला. त्या काळी कराडच्या बाजारपेठेतल्या माणसाला तो आकडा वाचताही येत नसेल, आणि त्याची ठेव मात्र त्यात सापडली होती. हे मला आजही अस्वस्थ करते.

त्यावर देशाने जो उपाय केला तो ब्लॉकचेनच्या नेमका उलटा होता. १९९६ मध्ये डिपॉझिटरीचा कायदा झाला, मुंबईत एनएसडीएल सुरू झाली आणि शेअर कागदावरून खात्यावर गेले. सरकारी रोख्यांच्या व्यवहारांसाठी २००१ मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. एक वही, एक राखणदार, सर्वांना मान्य. आणि हा उपाय लागू पडला. शेअर बाजारात नंतरही घोटाळे झाले, पण बनावट प्रमाणपत्रांचा आणि दुहेरी विक्रीचा तो जुना रोग जवळजवळ संपला. ज्यांना प्रत्येक मध्यवर्ती वही संशयास्पद वाटते, त्यांनी आपल्या देशातले हे यश नीट अभ्यासावे.

कराड-मुंबईची ही घालमेल सुरू होती, त्याच सुमारास अमेरिकेत बेलकोर या प्रयोगशाळेत स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा हे दोन संशोधक एका वेगळ्या प्रश्नाशी झगडत होते. शास्त्रज्ञाची प्रयोगवही कागदावर असते तेव्हा खाडाखोड दिसते. ती संगणकावर गेली तर मागच्या तारखेने बदललेली नोंद कशी ओळखायची? प्रत्येक दस्तऐवजावर तारखेचा शिक्का मारणारे एक कार्यालय उभारता येईल, पण त्या कार्यालयालाच कोणी फितवले तर? १९९१ च्या त्यांच्या लेखात याचे उत्तर आहे. कोणत्याही दस्तऐवजावर एक ठरावीक गणिती क्रिया केली की ठरावीक लांबीचा अक्षर-अंकांचा ठसा मिळतो. त्याला हॅश म्हणतात. मजकुरातला एक स्वल्पविराम बदला, ठसा पार बदलतो. ठशावरून मूळ मजकूर मात्र काढता येत नाही. हेबर-स्टॉर्नेटांनी सुचवले, की प्रत्येक शिक्क्यात आधीच्या शिक्क्याचा ठसा गुंफावा. मग मधली एक नोंद बदलायची तर तिच्यापुढच्या सगळ्या बदलाव्या लागतील.

त्यांच्या कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याचा एकत्रित ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींमध्ये छापायला सुरुवात केली. जी साखळी पुढे जगभर गाजली तिची पहिली चालती आवृत्ती वर्तमानपत्राच्या कागदावर होती, आणि तो अंक घराघरांत, वाचनालयांत विखुरलेला असल्याने कोणालाही गुपचूप बदलता येत नव्हता. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा टप्पा वाटतो.

संगणकावरच्या पैशाला तीच जुनी धाकधूक आणखी तीव्रपणे छळत होती. तिथे नक्कल करायला काहीच पडत नाही, मूळ आणि प्रत हा भेदच उरत नाही. डेव्हिड चॉम यांनी डिजिटल नाणी बनवली, पण एकच नाणे दोनदा खर्चले जाऊ नये म्हणून खर्चलेल्या नाण्यांची यादी त्यांना बँकेकडे ठेवावी लागली. त्यांची डिजिकॅश ही कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. मग ३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा लेख आला. त्यात आठ संदर्भ आहेत आणि त्यांपैकी तीन हेबर-स्टॉर्नेटा यांच्या कामाचे. नवे होते ते एवढेच, आणि ते लहान नव्हते : यादी बँकेकडे न ठेवता सर्वांकडे ठेवायची, आणि कोणता व्यवहार आधी झाला याचा निवाडा खर्चिक गणिती चढाओढीने करायचा. पैठ आली की रोजमेळ पाहावा, हा नियम कायम राहिला. फक्त रोजमेळ प्रत्येकाच्या घरी गेला.

व्यापाऱ्याला हे जसेच्या तसे परवडणारे नव्हते. आपण कोणाला, कोणत्या भावाने, किती माल देतो हे जगासमोर कोण मांडेल? म्हणून २०१५ नंतर ठरावीक सभासदांपुरत्या साखळ्या निघाल्या. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली तयार झालेली हायपरलेजर फॅब्रिक ही त्यांतली एक.

दरम्यान एकाच वस्तूवर अनेक कर्जे काढण्याचा प्रकार मोठ्या बाजारांतही उघड होत होता. २०१४ मध्ये चीनच्या चिंगदाव बंदरात तोच तांब्या-ॲल्युमिनिअमचा साठा अनेक बँकांकडे तारण ठेवल्याचे निघाले, आणि जगभरच्या बँका आपापल्या गोदाम-पावत्या तपासत बसल्या. आपल्याकडे घरे-जमिनींच्या दुहेरी तारणाला आळा घालण्यासाठी २०११ मध्येच सरसाई ही मध्यवर्ती नोंदणी सुरू झाली होती. आणि २०१८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतले प्रकरण बाहेर आले. परदेशी बँकांना स्विफ्ट या बँकांमधल्या संदेश-जाळ्यावरून हमीचे संदेश गेले होते आणि पंजाब नॅशनल बँकेच्या मुख्य संगणकीय वहीत त्यांची नोंदच नव्हती. कागद एकीकडे, वही दुसरीकडे.

याच काळात लहान उद्योगांच्या बिलांसाठी ट्रेड्स नावाची व्यवस्था आकार घेत होती. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे काढली. सिडबी आणि राष्ट्रीय शेअर बाजाराची आरएक्सआयएल, ॲक्सिस बँक आणि एमजंक्शनची इन्व्हॉइसमार्ट, आणि माइंड सोल्युशन्सची एमवनएक्स्चेंज, अशा तिघांना पहिले परवाने मिळाले. उद्योजकाने बिल चढवायचे, खरेदीदार कंपनीने ते मान्य करायचे, मग बँका त्यावर बोली लावतात आणि सर्वांत कमी दराची बोली उद्योजक घेतो. मुदतीला कंपनीच्या खात्यातून पैसे वळते होतात. कंपनीने ते बुडवले तरी लहान उद्योजकाकडे वसुलीला कोणी येत नाही. ही अखेरची तरतूद फार मोलाची आहे.

स्पर्धा असावी म्हणून परवाने तीन दिले, आणि म्हणून वह्याही तीन झाल्या. तेच बिल तिन्ही ठिकाणी चढवले तर? आपल्या ग्राहकांची यादी प्रतिस्पर्ध्याला दाखवायला तिघांपैकी कोणीही तयार होणार नव्हते. त्यांनी मॉनेटागो या न्यूयॉर्कच्या कंपनीकडून सामाईक साखळी उभारून घेतली. बिल आले की त्याच्या तपशिलाचा ठसा साखळीवर जातो. दुसरीकडे तेच बिल आले तर ठसा जुळतो आणि इशारा मिळतो. बिल कोणाचे, कितीचे, कोणी पैसे दिले, यातले काहीच उघड होत नाही. तिथे मध्यवर्ती राखणदार नेमणे अवघड होते आणि गुप्तता राखणे भाग होते. अशा जागी साखळी शोभते.

उलट जिथे राखणदार आधीच मान्य होता, किंवा वही एकाच स्पर्धकाची वाटली, तिथे साखळी घालण्याचे मोठमोठे प्रयत्न फसले. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपली जुनी सेटलमेंट व्यवस्था ब्लॉकचेनवर नेण्याचे काम बरीच वर्षे करून नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडून दिले आणि सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्ची टाकले. त्याच महिन्यात मर्स्क आणि आयबीएम यांनी ट्रेडलेन्स ही जहाजी मालाच्या कागदपत्रांची साखळी बंद करण्याचे जाहीर केले. बाकीच्या जहाज कंपन्या आपल्याच स्पर्धकाच्या वहीत पुरेशा उत्साहाने आल्या नाहीत. युरोपीय बँकांची वी-ट्रेड ही साखळीही त्याच वर्षी मोडली. तंत्र कच्चे होते असे मला वाटत नाही. वही कोणाची, हा प्रश्न तिथे कोणी सोडवलाच नाही.

ठशाच्या मर्यादाही ओळखून असावे. बिल क्रमांक एकीकडे ‘००४५’ आणि दुसरीकडे ‘४५’ असा लिहिला तर दोन वेगळे ठसे पडतात. ट्रेड्सबाहेरच्या सहकारी बँकेत तेच बिल कॅश क्रेडिटला दाखवले तर साखळीला कळत नाही. आणि माल गेलाच नसेल, बिलच खोटे असेल, तर साखळी त्या खोट्याचा अगदी अचूक ठसा जपून ठेवते. यातल्या पहिल्या अडचणीवर उत्तर आले ते भलत्याच दारातून, वस्तू व सेवा कराच्या. १ ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना इतर व्यवसायांना दिलेली बिले सरकारी पोर्टलवर नोंदवणे सक्तीचे झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून उलाढालीची ही मर्यादा पाच कोटींवर आली. नोंद होताच बिलाला ६४ अक्षरांचा क्रमांक मिळतो. तोही हॅशच आहे, विक्रेत्याचा कर क्रमांक, बिलाचा क्रमांक, प्रकार आणि आर्थिक वर्ष यांवरून काढलेला. साखळी नाही, राखणदार सरकार, आणि एका बिलाला देशभरात एकच ठसा.

कायद्याला मात्र इथे पोहोचायला वेळ लागला. इंग्रजी कायद्यात ताबा म्हणजे हाती धरता येणाऱ्या वस्तूचा ताबा, म्हणून संगणकावरची हुंडी कोणाच्याच ताब्यात नसे. ब्रिटनने २०२३ च्या कायद्याने ही अडचण दूर केली. एका वेळी एकाच्याच नियंत्रणात राहील अशी व्यवस्था असेल, तर डिजिटल दस्तऐवजही कागदाइतकाच खरा. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातून धनादेश सोडून इतर परक्राम्य दस्तऐवज वगळलेले होते. २०२२ मध्ये बँकांसारख्या नियंत्रित संस्थांपुरती ती अट सैल झाली. कागद एकच असण्याचा जो गुण हुंडीला जन्मतःच होता, तो आता कायद्याने आणि गणिताने मिळून परत कमवावा लागतो आहे.

दुहेरी विक्रीची धाकधूक अशी बरीच आटोक्यात आली. लहान कारखानदाराची खरी अडचण मात्र दुसरीच आहे, आणि तीही हुंडीइतकीच जुनी. सावकार हुंडी सकारे, तेव्हाच तिला किंमत येई. ट्रेड्सवरही खरेदीदार कंपनी बिल मान्य करत नाही तोवर एकही बँक बोली लावत नाही. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे, आणि थकीत रक्कम खर्चात धरू न देणारे प्राप्तिकराचे नवे कलमही आहे. तरी ज्याला पुढची ऑर्डर त्याच कंपनीकडून हवी आहे, तो व्याज मागायला जात नाही. सरकारने २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर नोंदणी करणे बंधनकारक केले. बंधन नोंदणीपुरते आहे. आलेले बिल इतक्या दिवसांत सकारलेच पाहिजे, नाहीतर कारण लिहून नाकारले पाहिजे, असे बंधन त्याला जोडलेले नाही, आणि पुढची दुरुस्ती तीच असायला हवी.